टँकरचा रंग पापुद्र्याने सुटतो: गोल छर्रा की टोकदार ग्रिट?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावातच ट्रॉल्या आणि पाण्याचे टँकर बनवता, जुना ब्लास्टिंग पॉट (हवेच्या दाबाने पोलादाचे कण मारून पत्रा साफ करायचं यंत्र) घेतला, त्यात एस-३३० मापाचा गोल छर्रा चालवता, आणि एका टँकरचा इपॉक्सी रंग एका पावसाळ्यातच तळहाताएवढ्या पापुद्र्यांनी सुटला. रंगवाला म्हणतो ब्लास्टिंग कच्चं, छर्रेवाला म्हणतो रंग भेसळीचा. आता ग्रिट घेऊ का, की तेही पैसे पाण्यात?

या दोघांचं भांडण तो पापुद्राच मिटवून देतो. उलटा करून उन्हात धरा. पाठीला काळी खपली किंवा तांबूस गंज चिकटून आला असेल तर सफाईच अर्धवट होती. पाठीलाही रंगच दिसत असेल आणि पत्र्यावरही रंगाचा थर शिल्लक असेल तर रंगाच्या दोन हातांमधली भानगड आहे, तिथे रंगवाल्याला धरा. पण पाठ स्वच्छ आणि खालचा पत्राही चकचकीत, तर रंगाला धरायला काही मिळालंच नाही. तुम्ही लिहिता की पत्रा "आरशासारखा" निघाला. म्हणजे तिसरा प्रकार, आणि इथे कणाचा आकार येतो.

गोल छर्रा पत्र्यावर ठोका मारतो. वाटीसारखा खळगा पडतो, त्याच्या कडा गोलसर राहतात. टोकदार ग्रिट पत्रा ओरबाडतो, त्यातून चिरा आणि उभे सुळके तयार होतात. घरचा पाटा आठवा. वापरून गुळगुळीत झाला की चटणी नुसती सरकते, मग त्याला छिन्नीने टाकी लावून घेतात. छर्‍याने मारलेला पत्रा म्हणजे टाकी न लावलेला पाटा. उंचसखल आहे, पण पकड नाही.

आता एक फसगत सांगतो. पत्र्यावरच्या खळग्यांची खोली मोजायच्या टेपवर छर्‍याचाही आकडा ६० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) येऊ शकतो आणि ग्रिटचाही. बऱ्याच इपॉक्सींना ५० ते ७५ लागतात, म्हणजे कागदावर दोन्ही पास. टेप फक्त शिखर ते दरी एवढं अंतर सांगते. शिखर बोथट की टोकदार, आणि एका सेंटिमीटरात किती, हे तिला कळत नाही. आयएसओ ८५०३ या आंतरराष्ट्रीय मानकात तुलनेच्या तबकड्या म्हणूनच दोन वेगळ्या आहेत, एक ग्रिटची आणि एक छर्‍याची.

छर्‍याची आणखी एक खोड म्हणजे तो सुटी खपली उडवतो तशी काही खपली ठोकून पत्र्यात दाबूनही टाकतो. आणि जुन्या टँकरला गंजाने बारीक खड्डे पडलेले असतात. पाऊण मिलीमीटरपेक्षा मोठी गोळी त्या खड्ड्याच्या तळाशी जाणार कशी?

थोडा हिशेब. एस-३३० म्हणजे सुमारे ०.८४ मिमीची गोळी, एका किलोत जवळपास सव्वाचार लाख. जी-४० मापाच्या ग्रिटचा कण सरासरी अर्ध्या मिलीमीटरचा धरला तर किलोत वीस लाखांच्या घरात जातात. (आकडे उलटे आहेत हे ध्यानात ठेवा: छर्‍याचा नंबर वाढला की माल जाडा, ग्रिटचा वाढला की बारीक.) जाडा कण जोरात लागतो, पण एका किलोत ठोके कमी पडतात. नव्या चॅनलवरची जाड मिल स्केल (कारखान्यातूनच येणारी काळी खपली) ठिसूळ असते, ती छर्‍याने फुटते आणि चांगली फुटते. म्हणून छर्‍याला नावं ठेवू नका, तुम्ही त्याला दुसऱ्याचं काम दिलं एवढंच.

तर हो, ग्रिट घ्या. पण मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे: पोत्यात घेतलेला आकार आणि नोझलमधून निघणारा आकार एक नसतो.

आमच्याकडे वर्धेच्या बाजूला जिनिंगच्या शेडचे खांब करायचं काम होतं. नवीन जी-४० भरला, नमुन्याच्या पट्टीवर झकास खरखर आली, मीच शेरा मारला की आता डोळे मिटून चालवा. पोरांनी डोळे मिटूनच चालवलं. तीन आठवड्यांनी प्रायमरवर ब्लेडने चौकट ओढून चिकटपट्टी लावली, तर पट्टीसोबत प्रायमरही आला. मी रंगाऱ्यावर लय तापलो. दुपारी चहा घेता घेता हाताखालच्या एका पोराने पॉटमधला चिमूटभर माल स्टीलच्या ताटलीत घेतला आणि ताटली तिरपी केली. सगळा माल घरंगळत खाली. "काका, हे तर चण्यासारखं पळतंय," म्हणाला. त्याची आजी सुपात हरभरा घोळून खडे वेगळे काढते, तिथला त्याचा डोळा. मग न वापरलेल्या पोत्यातला माल घेतला, तो जागीच बसून राहिला. रंगाऱ्याची माफी मागावी लागली.

झालं असं होतं की पोत्यावर फक्त जी-४० लिहिलं होतं, कडकपणा लिहिलेलाच नव्हता, आणि मीही विचारला नव्हता. माल निघाला जीपी. ग्रिट मुळात छर्राच फोडून करतात, पण कडकपणा तीन जातींचा येतो. जीपी कडकपणाच्या रॉकवेल सी मापाने साधारण ४० ते ५०, जीएल पंचावन्नच्या आसपास, जीएच साठीच्या वर. मऊ कण गुळाच्या खड्यासारखा: घासला की कोपरे जातात आणि गोल होतो. जीएच खडीसाखरेसारखा: आपटला की फुटतो, आणि प्रत्येक तुकड्याला नवं टोक. जीपी व्हील मशीनसाठी (ते हवेऐवजी फिरत्या पात्यांनी माल फेकतं) बरा, तिथे जीएच घातला तर मशीनची पाती खाऊन टाकतो. तुमचा पॉट हवेचा आहे, पाती नाहीतच. मी असतो तर जीएल जी-४० घेतला असता. जीएचची धार जास्त टिकते, पण तो लवकर भुगा होतो, आणि तुमच्याकडे माल गोळा करायला पक्की फरशी आहे का ते तुम्ही लिहिलं नाही. काळ्या मातीत सांडलेला ग्रिट परत येत नाही राजेहो. शेतातल्या मातीवर ब्लास्टिंग करणार असाल तर महाग माल घेऊच नका. आधी पत्र्याची शेड, खाली फरशी, मग ग्रिट.

पोतं घेताना दुकानदारासमोर आणखी एक गोष्ट करता येते. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर पाण्याचा फवारा मारून छर्रा बनतो, त्यात कधी आतून पोकळ गोळ्या निघतात. मोजनळीत ५० मिली स्पिरिट घ्या, त्यात १०० ग्रॅम माल टाका, बुडबुडे जाईपर्यंत टिचक्या मारा. पातळी १४ मिलीच्या आसपास किंवा त्याहून कमीने चढली तर ठीक. बरीच वर गेली तर तुम्ही पोलादाच्या भावात हवा घेताय.

वापरात आल्यावर पॉट रिकामा होऊ देऊन एकदम आख्खं पोतं ओतायची सवय सोडा. रोज जेवढा भुगा चाळून काढला तेवढाच नवा माल घाला. मग पॉटमध्ये जाडे, मधले, बारीक असे कण कायम राहतात, जाडे खपली फोडतात, बारीक खड्ड्यात शिरतात. आणि सोमवारी ताटली तिरपी करा. अर्ध्याहून जास्त माल पळाला तर नवा घालायचं प्रमाण वाढवा. हा अर्ध्याचा नेम माझा अंदाजपंचे आहे, कुठल्या मानकातला नाही, पण मला त्याने दगा दिला नाही.

काहून महाग भानगड, नदीची रेती फुकट आहे, असं कोणी सुचवेल. त्याचं ऐकू नका. रेतीची धूळ छातीत बसते आणि सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा रोग परत फिरत नाही. ब्रिटनने ब्लास्टिंगमधली रेती १९४९ च्या नियमांनी बंद केली.

आषाढ-श्रावणात मात्र ग्रिटचा दुसरा त्रास: कॉम्प्रेसरचं पाणी आलं की रात्रीतून त्याचे लाडू होतात. संध्याकाळी पॉट रिकामा करा, ड्रमला झाकण लावा. पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा) किमान ३ अंश गरम असल्याशिवाय रंगाला हात लावू नका, आणि ब्लास्ट केलेला पत्रा दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

जुना छर्रा फेकू नका. ट्रॉलीच्या कमानी (लीफ स्प्रिंग) त्यानेच साफ करा, ग्रिट तिथे चुकूनही नको. गोल ठोक्याने कमानीचा वरचा थर दाबला जातो, ते तिला सोसतं. ग्रिटची प्रत्येक चीर म्हणजे तडा सुरू व्हायची जागा, आणि ऊस किंवा कापूस भरलेली ट्रॉली नाल्यात उतरताना कमान तिथूनच तुटते.