जळगावहून इतिहासात बी.ए. झालं. काशी हिंदू किंवा अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून एम.ए. करावं का? तिथले विभाग धार्मिक असतात का?

नावावरून विभागाचा अंदाज बांधू नका. विषय कोणत्या विद्याशाखेत आहे ते आधी पाहा. दोन्ही केंद्रीय विद्यापीठं आहेत, सगळ्या धर्मांची मुलं घेतात आणि संविधानाच्या कलम 28(3) नुसार संमतीशिवाय कुणाला प्रार्थनेला बसवता येत नाही. धर्मशिक्षण वेगळ्या घरात चालतं: अलीगढला थिऑलॉजीची स्वतंत्र विद्याशाखा आहे, काशीला संस्कृतविद्या धर्मविज्ञान संकाय (संकाय म्हणजे विद्याशाखाच).

खरा घोळ संस्कृतवाल्यांचा होतो. काशीत संस्कृत दोन ठिकाणी आहे. कला संकायात एम.ए. मिळते, तर धर्मविज्ञान संकायात शास्त्री-आचार्य या पारंपरिक पदव्या. 2019 मध्ये एका मुस्लिम प्राध्यापकाच्या नेमणुकीवरून आंदोलन झालं ते या दुसऱ्या संकायात. ते प्राध्यापक पुढे कला संकायात गेले.

तुमचा इतिहासही तिथे दोन घरांत विभागलाय. इतिहास विभाग सामाजिक विज्ञान संकायात, तर प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हा विभाग कला संकायात. तापीकाठचं प्रकाशे, गिरणाकाठचं बहाळ अशा ताम्रपाषाणयुगीन स्थळांकडे ओढा असेल तर दुसरा घ्या. फारुकी सुलतान, 1601 मध्ये अकबराने घेतलेला असीरगड, मुघलांचा खानदेश सुभा यावर पुढे काम करायचं असेल तर माझं मत सरळ अलीगढ. मध्ययुगीन इतिहासात त्या विभागाचा दबदबा आहे. तिथे फारसी शिकायला लागा, कारण तिच्याशिवाय या काळाची मूळ साधनं उघडत नाहीत.

(मराठी दोन्हीकडे शिकवतात, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.)

आता प्रवेश. काशीसाठी सीयूईटी-पीजी ही केंद्रीय विद्यापीठांची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते: 75 प्रश्न, बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. इतिहासाचा पेपर इंग्रजी-हिंदीत येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून शिकला असाल तर हिंदीतल्या संज्ञा लवकर अंगवळणी पडतील, पण पुढचं वाचन बरंचसं इंग्रजीतच. निकालानंतर विद्यापीठाच्या पोर्टलवर पुन्हा नोंदणी करावी लागते. बरेच जण परीक्षेचा अर्ज भरला म्हणजे झालं असं समजून बसतात आणि चांगले गुण असून यादीत येत नाहीत. अलीगढचा अर्ज वेगळा भरायचा. तिथे जातीनिहाय आरक्षण नाही, उलट निम्म्या जागा त्यांच्याच विद्यार्थ्यांना जातात. त्यामुळे बाहेरच्याला चुरस मोठी.

काशीच्या राखीव जागांसाठी खानदेशातली मुलं सर्वात जास्त अडकतात ती दाखल्यांत. व्हीजे-एनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्राकडे नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते पाहा; असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला काढा. राज्याचा चालत नाही. मराठा समाजाचं एसईबीसी तिथे लागू नाही, पण ईडब्ल्यूएस मिळू शकतं. त्यातली मेख जमिनीत आहे. आपल्या राज्याच्या ईडब्ल्यूएसला फक्त 8 लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. केंद्राच्या निकषात त्याबरोबर कुटुंबाची शेतजमीन 5 एकरांपेक्षा कमी हवी. कोरडवाहू असली तरी सूट नाही. आईवडिलांच्या नावचे सातबारे आधी बेरजेला घ्या (5 एकर म्हणजे साधारण 2.02 हेक्टर), मगच तहसीलला अर्ज करा. आजोबांच्या नावावरची जमीन यात धरत नाहीत.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडून (कबचौ उमवि) स्थलांतर प्रमाणपत्र काढायला वेळ लागतो. शेवटच्या सत्राचा निकाल लागला की लगेच अर्ज टाका.

जायचं तर काशीला भुसावळहून महानगरी किंवा कामायनी थेट आहे. अलीगढला दिल्लीत गाडी बदलणं सोयीचं.