सासऱ्यांच्या साठीला सिंगल माल्ट द्यावी की ब्लेंडेड स्कॉच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सासऱ्यांच्या साठीला स्कॉच द्यायची आहे, ते सोडा-बर्फ घालून घेतात, आणि दुकानदार म्हणतो, "सिंगल माल्टच न्या, ब्लेंडेड म्हणजे भेसळच." तर दुप्पट पैसे मोजावेत का?

नका मोजू. ब्लेंडेडच घ्या, फक्त चांगली घ्या. पण त्या 'भेसळ' म्हणण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज आपल्याकडे फार खोलवर बसलेला आहे आणि तो मला मनापासून खटकतो.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात) घाण्याघाण्याने काढलेली व्हिस्की. ब्लेंडेड स्कॉच म्हणजे अशा अनेक डिस्टिलऱ्यांच्या माल्ट आणि त्यांच्या जोडीला ग्रेन व्हिस्की. ग्रेन मुख्यतः गहू किंवा मक्यापासून, उंच कॉलम स्टिलमध्ये अखंड चालणाऱ्या प्रक्रियेने बनते. ती अंगाने हलकी आणि गोडसर असते. पण कायदा दोघींना एकच: स्कॉटलंडमध्ये, ओकच्या पिंपात, किमान 3 वर्षं मुरलेली आणि बाटलीत किमान 40 टक्के अल्कोहोल. ब्लेंडेडमध्ये साधं स्पिरिट ओतून चालत नाही. तिच्यातला थेंबन् थेंब स्वतः व्हिस्की असावा लागतो.

आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. देशात बनणाऱ्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांचा आधार उसाच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट असतो, त्यात थोडी माल्ट मिसळतात आणि लेबलवर 'ब्लेंडेड' छापतात. त्या अनुभवावरून माणूस स्कॉचलाही तोच शिक्का मारतो. स्कॉचमध्ये मळी येतच नाही.

दुकानदाराचा आरोप तसा जुनाच आहे. कॉलम स्टिलचं पेटंट इनियस कॉफी यांनी 1830 साली घेतलं, आणि 1860 च्या ब्रिटिश कायद्याने शुल्क भरण्याआधीच गोदामात माल्ट आणि ग्रेन एकत्र करायला मुभा दिली. एडिंबराचे अँड्र्यू अशर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्यातून धंदा उभा केला. पुढे फायलोक्सेरा या किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, ब्रँडी दुर्मीळ झाली आणि तिची जागा ब्लेंडेड स्कॉचने घेतली. माल्टवाल्यांना हे सलत होतंच. 1905 साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात काही विक्रेत्यांवर खटले भरले गेले, की ग्रेन मिसळलेलं पेय व्हिस्की म्हणून विकतात. प्रकरण रॉयल कमिशनपर्यंत, म्हणजे सरकारी चौकशी आयोगापर्यंत, गेलं आणि 1909 मध्ये कमिशनने निर्वाळा दिला: ग्रेनही व्हिस्कीच, ब्लेंडेडही व्हिस्कीच.

आणि एक सांगतो. सिंगल माल्टही बहुतेक वेळा मिश्रणच असते. ग्लेनफिडिकची 12 वर्षांची बाटली एका पिंपातून भरत नाहीत. आधी बर्बन (अमेरिकन व्हिस्की) मुरवलेली पिंपं, शेरी (स्पॅनिश वाइन) मुरवलेली पिंपं, अशा अनेक पिंपांतला माल एकत्र करून ती चव साधतात. 'सिंगल' म्हणजे एक डिस्टिलरी, एक पिंप नव्हे. बाटलीवरचा 12 हा आकडा त्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगतो, मग ती सिंगल माल्ट असो वा ब्लेंडेड. (व्हॅट 69 मधला 69 हे वय नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) गडद रंगावरही जाऊ नका, कॅरॅमल घालायला कायद्याने परवानगी आहे.

मग फरक खरा कुठे कळतो? जिभेपेक्षा नाकाला. कधी जमलं तर दोन ग्लास शेजारी ठेवा: एकात जॉनी वॉकर ब्लॅक लेबल ही ब्लेंडेड, दुसऱ्यात स्कॉटलंडच्या आयला बेटावरची कल ईला ही सिंगल माल्ट. थोडी थोडीच घ्या, बर्फ नको, चमचाभर साधं पाणी घाला. आधी ब्लॅक लेबल हुंगा. व्हॅनिला येईल, मनुका येतील, आणि बरंच मागे धूर. मग कल ईला हुंगा. तोच धूर थेट समोर येतो, जोडीला खारा वारा आणि लिंबाची साल. आता पुन्हा पहिल्या ग्लासकडे या. मघाशी जेमतेम लागलेला धूर लगेच ओळखू येईल, कारण कल ईलाची माल्ट ब्लॅक लेबलमध्ये असतेच. ग्रेनने त्या धुराला मऊ केलंय, दाबलेलं नाही. ब्लेंडरचं, म्हणजे मिश्रण जुळवणाऱ्या माणसाचं, कसब म्हणतात ते हे. नमुने पाणी घालून साधारण 20 टक्के अल्कोहोलवर आणायचे आणि नाकाने पारखायचे. त्यात एखादी डिस्टिलरी बंद पडते, पिंपांचा साठा बदलतो, तरी बाटलीची चव गेल्या वर्षीसारखीच लागली पाहिजे. मला हे काम सिंगल माल्ट बनवण्याइतकंच अवघड वाटतं.

सिंगल माल्टची बाजूही सांगायला हवी. एका जागेचा ठसा तिच्यात जसा उमटतो तसा ब्लेंडेडमध्ये उमटणार नाही. लाफ्रॉइग एकदा हुंगली की औषधी, आयोडीनसारखा वास विसरता येत नाही. ग्लेनलिव्हेट फळांकडे झुकते. स्वस्त ब्लेंडेडमध्ये तरुण ग्रेन जास्त असते, ती फिकी आणि घशाला तिखट लागते, हेही खरं.

किमतीच्या फरकामागे चवीशी संबंध नसलेलं एक कारण आहे. टीचर्स, ब्लॅक डॉग यांसारख्या ब्लेंडेड स्कॉच घाऊक आणून भारतात बाटलीबंद करता येतात, त्यामुळे आयात शुल्क घाऊक मालाच्या कमी किमतीवर बसतं. सिंगल माल्ट मात्र 2012 पासून स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद करणं बंधनकारक आहे, म्हणजे शुल्क भरलेल्या बाटलीच्या पूर्ण किमतीवर. तुम्ही जे दुप्पट मोजता त्यातला बराच भाग सरकारजमा होतो.

आता तुमच्या सासऱ्यांचं. सोडा आणि बर्फात सिंगल माल्टचे बारकावे विरतात. ब्लेंडेड मुळात सोड्याबरोबर खुलावी अशीच बांधलेली असते. ब्लॅक लेबल किंवा शिवास रीगलची 12 वर्षांची बाटली घ्या. त्यांना धुराचा वास आवडत असेल तर पहिली, नसेल तर दुसरी. कुणी परदेशातून येणार असेल तर विमानतळावरून आणायला सांगा, माणशी 2 लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. आणि दुकानदाराच्या भिडेखातर सिंगल माल्ट घ्यायचीच झाली, तर ग्लेनलिव्हेट किंवा ग्लेनफिडिक घ्या. लाफ्रॉइग मात्र त्यांनी आधी चाखली असेल आणि आवडली असेल तरच.