शेण मोजा, मग गोबरगॅस बांधा: सातारा-सांगलीतून आलेल्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (ता. वाळवा): दोन गाई, एक म्हैस आहे. घरात आठ माणसं, म्हणून डीलर ४ घनमीटरचा प्लांट घ्या म्हणतो. घ्यावा का?

नाही. प्लांट माणसं मोजून ठरत नाही, शेण मोजून ठरतो. १ घनमीटर गॅसला रोज २५ किलो ताजं शेण लागतं, ४ घनमीटरला १०० किलो. गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते, म्हैस १५ किलो. म्हणजे तुमच्याकडे ३५ किलो, आणि तेही जनावरं दावणीलाच असतील तर. चरायला सोडली की निम्मं रानात जातं. आठवडाभर रोज शेण वजन करा आणि सर्वांत कमी भरलेला दिवस धरून आकार ठरवा. तुम्हाला १ घनमीटर पुरे. त्यातून महिन्याला साधारण १३ किलो सिलिंडर गॅसइतकं काम होतं. मोठा प्लांट उपाशी राहतो, दाब धरत नाही, दोन वर्षांत बंद पडतो आणि पुढं त्याचा हौद होतो.

प्रश्न (ता. कराड): गॅस कमी झाला. दुकानदाराने कल्चरची पावडर दिली आणि शेण दुप्पट टाकायला सांगितलं. आता गॅस येतो, पण पेटत नाही.

दुप्पट शेणानेच बिघडलं. एकदम भरणा वाढला की आत आम्ल साठतं, मिथेन करणारे जिवाणू मागं पडतात आणि नुसता कार्बन डायऑक्साइड वर येतो. तो पेटणार कसा? भरणा पूर्ण थांबवा. पाच ते सात दिवस काही टाकू नका. पीएच पट्टीने सामू (आम्लपणाचं माप) पाहा, ६.५ ते ७.५ हवा. मग शेजारच्या चालू प्लांटची दोन-तीन बादल्या स्लरी (गॅस निघून बाहेर पडणारा शेणकाला) टाका आणि निम्म्या भरण्याने सुरुवात करून आठवड्याभरात नेहमीच्या मापावर या. कल्चर म्हणतात ते हेच, आणि ते फुकट मिळतं. पावडरीला पैसे घालू नका.

गॅस मुळात कमी का झाला, ते आधी बघायचं होतं. थंडीत पाटण, जावळीकडे तो कमी होतोच, कारण जिवाणूंना ३० ते ३५ अंशांची ऊब लागते. त्या दिवसांत कोमट पाण्यात शेण कालवा, दुपारी भरा, भरणा वाढवू नका. दुसरं कारण गोठ्यातलं: फिनेल टाकून धुतलेलं पाणी इनलेटमध्ये (शेण भरायच्या तोंडात) गेलं, किंवा कासदाहासाठी अँटिबायोटिक चालू असलेल्या गाईचं शेण पडलं. अशा गाईचं शेण उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा. तिसरं, पाइपात पाणी साचलं असेल. सखल जागी वॉटर ट्रॅप हवाच, आठवड्याला तो रिकामा करा. सांधे साबणाच्या पाण्याने तपासा, काडी लावून कधीच नाही.

शेण आणि पाणी समप्रमाणात, काला पातळ पिठल्याइतका. संकरित गाईचं हिरव्या मक्यावरचं शेण आधीच पातळ असतं, त्याला पाणी कमी घाला. काला फार पातळ झाला की घन भाग तळाशी बसतो. चाऱ्याच्या काड्या, माती, वाळू काढूनच भरा.

प्रश्न (ता. तासगाव): स्लरी द्राक्षाला कधी आणि किती? डीलर म्हणतो, कधीही सोडा, सेंद्रिय आहे.

सेंद्रिय असली तरी स्लरीत नत्र असतं, आणि त्यातला बराच लगेच लागू होणारा. मणी मऊ पडायला लागल्यावर सोडली की शेंडे पळतात, गोडी मागं पडते. फळछाटणीच्या पंधरा-वीस दिवस आधी, शेणखताच्या जागी द्या. उसाला लागणीनंतर सहा आठवड्यांपासून मोठ्या बांधणीपर्यंत (उसाला मातीची शेवटची भर लावेपर्यंत) पाटपाण्यातून सोडा, नंतर बंद. उशिरा दिलेलं नत्र साखर खातं. आल्याच्या सरीत स्लरी साचू देऊ नका, ओल धरून कंदकूज वाढते. ठिबकमधून द्यायची तर दोनदा गाळूनच.

आणि स्लरी उन्हात वाळवू नका. वाळली की अमोनियाच्या रूपातलं नत्र उडून जातं आणि हातात नुसता भुसा राहतो. माझा आग्रह पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांचा आहे: स्लरी बाहेर पडते त्या आउटलेटजवळ दोन खड्डे घ्या, सावलीत. पाचटाचा वीतभर थर, त्यावर स्लरी, पुन्हा पाचट. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करा. पाचट जाळायची वेळ येत नाही, आणि कच्च्या शेणखतातून रानात येणाऱ्या हुमणीचा (मुळं खाणाऱ्या अळीचा) व तणाच्या बियांचा त्रासही कमी होतो.

प्रश्न (ता. पलूस): साखर कारखान्यांच्या गॅस प्रकल्पातलं खत एक गोणी टाकलं की युरिया बंद, असं विक्रेता सांगतो. टनाला १,५०० रुपये सरकार देतं म्हणे.

लेबल वाचा. नत्र १ टक्का असेल तर ५० किलोच्या गोणीत अर्धा किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोंवर. एका गोणीने युरिया बंद होत नाही. खत जमिनीसाठी चांगलं आहे, पण टनाच्या मापात टाकायचं, पक्कं बिल घेऊन. ते १,५०० रुपये गोबरधन (शेण-कचऱ्यापासून गॅस करण्याची केंद्राची योजना) प्रकल्पांतील खताच्या विक्रीला चालना म्हणून २०२३ मध्ये मंजूर झाले, तुमच्या खात्यात येत नाहीत. कारखान्यातली ताजी गरम प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) सरीत ओतू नका. ती आधी दोन महिने कुजवा.

प्रश्न: सरकारी योजना कोणती?

थोडक्यात. राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात (२०२१-२२ ते २०२५-२६) सर्वसाधारण गटाला १ घनमीटरला ९,८०० आणि २ ते ४ घनमीटरला १४,३५० रुपये असे दर ठरले. म्हणजे २ ऐवजी ४ घेऊन अनुदान वाढत नव्हतं. चालू दर पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा आणि मंजुरी हातात आल्याशिवाय खड्डा खणू नका. ‘सतत’ ही दाबाने भरलेल्या बायोगॅसच्या खरेदीची योजना (२०१८) आणि शहरी गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याची सक्ती (२०२५-२६ मध्ये १ टक्का, २०२८-२९ पर्यंत ५ टक्के) ही मोठ्या प्रकल्पांची बाब आहे. त्यांना प्रेसमड, पाचट किंवा शेण द्यायचं तर दर आणि वजनकाटा कागदावर लिहून घ्या.

प्रश्न (ता. खटाव): प्लांट गाळाने भरलाय. माणूस आत उतरवून काढू का?

अजिबात नाही. रिकामा दिसला तरी नाही, दोर बांधूनही नाही. आतल्या वायूने दोन श्वासांत माणूस पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. गाळ बाहेरूनच मड पंपाने उपसा. आत कुणी पडलं तर मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.