बाप्तिस्म्याचा दाखला सोडा, आठवीत जागा किती आहेत ते विचारा

पत्र थोडक्यात असं आहे. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहणारे एक वडील, यंत्रमाग कारखान्यात कामाला, घरात तेलुगू, मुलगी मराठी माध्यमात सातवीला. गणित चांगलं आहे, तिला आठवीपासून कॉन्व्हेंटला घालायचंय. यांची बहीण इंग्लंडला असते, तिनं तिकडच्या एका कॅथलिक शाळेच्या ॲडमिशनची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यात बाप्तिस्मा झालेल्या मुलांचा नंबर सगळ्यात वर. आणि इकडं एक ओळखीचा माणूस म्हणतोय की चर्चमधून चिठ्ठी आणून देतो, थोडा खर्च येईल. मग विचारलंय की आपल्या पोरीला घेतील का, बाप्तिस्मा करून घेतला तर काम सोपं होईल का, आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांतून) बसेल का, आणि आजी म्हणते तिथं गेली की पोरीला ख्रिस्ती करतील, ते खरं का.

दादा, आधी त्या चिठ्ठीवाल्याला नाही म्हणून सांगा, मग पुढचं वाचा.

बहिणीनं पाठवलेली पीडीएफ खरी आहे, पण ती तिकडची. इंग्लंडात अशा बऱ्याच कॅथलिक शाळांचा रोजचा खर्च सरकार करतं, म्हणून ॲडमिशनचे नियम पण सरकारी चौकटीत. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर कुणाला आधी घ्यायचं तो क्रम शाळेला आधीच छापून जाहीर करावा लागतो. त्यात साधारण सरकारच्या देखभालीखालची कॅथलिक मुलं पहिली, मग बाप्तिस्मा झालेली कॅथलिक मुलं, मग बाकीचे, आणि बरोबरी झाली तर बऱ्याचदा घरापासूनचं अंतर मोजतात. मुलाखत घ्यायला बंदी. सेकंडरीचा अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा आणि 1 मार्चला कळतं. आणि जागा शिल्लक असतील तर अर्ज केलेल्या प्रत्येकाला घ्यावंच लागतं, मग तो हिंदू असो का मुसलमान. म्हणजे तिकडं पण तो क्रम गर्दी झाली तरच लागतो, हे पीडीएफ वाचताना आपल्या लक्षात येत नाही.

आपल्याकडं पाया वेगळा आहे. घटनेच्या कलम 30 नं अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, आणि चालवणं म्हणलं की त्यात मुलं निवडणं पण आलं. पण शाळा सरकारी अनुदान घेत असेल तर कलम 29 चं दुसरं पोटकलम सांगतं की फक्त धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. सुप्रीम कोर्टानं 2002 च्या टी. एम. ए. पै निकालात या दोन्हीचा मेळ घातला, म्हणजे अनुदानित अल्पसंख्याक संस्थेनं आपल्या समाजाच्या मुलांना प्राधान्य द्यावं पण बाहेरच्यांना पण ठीकठाक प्रमाणात घ्यावं. तेव्हा शाळेत गेल्यावर आधी एवढंच विचारा की आठवीची ही तुकडी अनुदानित का विनाअनुदानित, एकाच आवारात दोन्ही असू शकतात आणि फीमध्ये जमीन अस्मानाचा फरक पडतो.

आणि शाळा कॅथलिक आहे का हे पण बघा की ओ. सोलापुरात इंग्रजी शाळा दिसली की आपण कॉन्व्हेंट म्हणतो, अमेरिकन मराठी मिशननं इथं जे काम केलं ते प्रोटेस्टंट म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्याच दुसऱ्या पंथाच्या लोकांचं होतं, आणि हल्ली तर ज्या संस्थाचालकानं चर्चची पायरी चढली नाही त्याच्या पण बोर्डावर सेंट अमुक तमुक असतं. खरी कॅथलिक शाळा एकतर पुणे धर्मप्रांताची, म्हणजे पुण्याच्या बिशपच्या हाताखालची असते (सोलापूर त्यांच्याकडं येतं) नाहीतर सिस्टर किंवा फादर लोकांच्या एखाद्या संघाची.

आता घेतील का. मला विचाराल तर तुमच्या पोरीच्या आड धर्म येत नाहीये, रिकामी बाकं नसणं येतंय. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिश्चन लोक 0.96 टक्के, त्यात कॅथलिक अजून कमी, आणि सोलापुरात जी कॅथलिक मुलं आहेत ती बहुतेक केजीपासूनच तिथं बसलेली असतात. त्यामुळं या शाळांत मुलं बहुतेक इतर धर्मांचीच, वर्गाची हजेरी ऐकली की कळतं, लिंगायत, पद्मशाली, मुस्लिम, मराठा, सगळी आडनावं. पण वर्ग भरतो तो केजीला नाहीतर पहिलीला. आठवीला जागा होते ती रेल्वेवाल्याची, बँकवाल्याची, पोलिसाची बदली झाली आणि त्यांचं पोरगं दाखला घेऊन गेलं तरच, कधी दोन, कधी चार, कधी एक पण नाही. त्या दोन-चार जागांवर मी पाहिलेला क्रम सांगतो, लिहिलेला कुठं मिळेलच असं नाही. कॅथलिक मूल आलं तर ते आधी, मग ज्यांचं भावंड शाळेत आहे ते, शाळेच्या स्टाफची मुलं, मग बदलीवर आलेले, आणि मग तुमच्या आमच्यासारखे. इथवर येईपर्यंत जागा उरली तर मग पोरीकडं बघतात.

आणि बघतात म्हणजे कसं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या पोराबरोबर मी एका शाळेच्या ऑफिसात गेलो होतो, बापाच्या खिशात एका पुढाऱ्याची चिठ्ठी. सिस्टरनी चिठ्ठी वाचली, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकली, तिथं अजून सात-आठ तसल्याच पडल्या होत्या. मग पोराला म्हणाल्या सायन्सची वही दाखव. वहीतलं उत्तर बरोबर का चूक हे त्यांनी बघितलंच नाही, पानं उलटत नुसत्या बाईंच्या सहीच्या तारखा बघत गेल्या, दिवाळीनंतर दीड महिना कोराच होता, तिथं बोट ठेवून नुसतं व्हाय एवढंच विचारलं. पोरगं म्हणलं टायफॉइड झालता, आणि हे त्यानं मोडक्या का होईना इंग्रजीत सांगितलं. मग एक झेरॉक्सचा कागद दिला, दहा गणितं आणि इंग्रजीचा उतारा. पोराला ॲडमिशन मिळाली, चिठ्ठीमुळं मिळाली असं बाप अजून सगळ्यांना सांगतो, काय करणार.

ही परीक्षा घेणं बेकायदा आहे असं कुणी सांगितलं तर भांडायला जाऊ नका. आरटीई कायद्यात पहिली ते आठवीला अशी चाळणी लावायला बंदी आहे हे खरं, पण 2014 च्या प्रमती निकालात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच नाही, अनुदानित असो का विनाअनुदानित. सप्टेंबर 2025 मध्ये दोन न्यायाधीशांनी त्या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या खंडपीठाकडं पाठवायला सांगितलं, पण तो निकाल बदलत नाही तोवर तोच चालणार. तुमच्या आरटीईच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आलं. 25 टक्के जागा अल्पसंख्याक शाळेत नसतात, आणि जिथं असतात तिथं पण पहिलीला नाहीतर त्याच्या खाली, आठवीला त्या लॉटरीचा काही संबंध नाही.

डोनेशन घ्यायची परवानगी मात्र कुठल्याच शाळेला नाही, अल्पसंख्याक शाळेला पण नाही, महाराष्ट्रात 1987 पासून कॅपिटेशन फी विरोधी कायदा आहे. फी मंजूर झालेली किती ते विचारायचं आणि जे भराल त्याची पावती घ्यायची, पावती मिळत नाही तिथं पाकीट पुढं करायचं नाही.

बाप्तिस्म्याचं. दादा, हे ऐकून मला वाईट वाटलं, राग तुमचा नाही आला, त्या माणसाचा आला. चर्चचा स्वतःचा कायदा आहे, 1983 चा, त्यात सात वर्षांपुढचं समजतं-उमजतं मूल बाप्तिस्म्याच्या बाबतीत मोठ्या माणसासारखंच धरतात. म्हणजे तिची स्वतःची इच्छा लागते, आधी शिकवण घ्यावी लागते, त्यात बराच काळ जातो. तान्ह्या बाळाला सुद्धा ते पोरगं त्या श्रद्धेत वाढेल अशी आशा दिसली तरच देतात. जूनच्या ॲडमिशनसाठी एप्रिलमध्ये बाप्तिस्मा मागायला गेलात तर कुठलाही सरळ फादर तुम्हाला चहा पाजून परत पाठवेल. आणि तो माणूस जी चिठ्ठी आणून देतो म्हणतोय ती शाळेला खरी वाटली तरी त्यावर पोरीचं नाव काय, शाळेच्या दाखल्यावर काय, हे जुळणार कसं?

आजींना सांगा की घटनेचं कलम 28 आहे, पोरगी लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय तिला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. कॅथलिक मुलांना कॅटेकिझम म्हणजे त्यांच्या धर्माची शिकवण असते, बाकीच्यांना तेव्हा व्हॅल्यू एज्युकेशन. असेंब्लीत प्रार्थना होते, ख्रिसमसला गोठा सजवतात, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत हीच पोरं घरच्यांबरोबर सिद्धेश्वराला काठ्या बघायला असतात. व्हॅटिकननं 1965 मध्येच शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात लिहिलंय की ज्या शाळांत कॅथलिक नसलेली मुलं शिकतात त्या त्यांना फार जिव्हाळ्याच्या आहेत. गरिबांकडं लक्ष द्या असं पण त्यात म्हणलंय, तेव्हा फी जड जात असेल तर सिस्टरशी समोर बसून बोलायला लाजू नका, त्यासाठी मधला माणूस लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगतो. कलम 30 धर्मापुरतं नाही, भाषेला पण आहे, आणि अल्पसंख्याक कोण हे राज्याप्रमाणं ठरतं. महाराष्ट्रात तेलुगू भाषिक अल्पसंख्याक आहेत, म्हणजे तुम्हीच. सोलापुरात तेलुगू समाजाच्या संस्थांच्या शाळा आहेत, भाषिक अल्पसंख्याक दर्जा असलेल्या संस्थेत जे प्राधान्य कॅथलिक शाळेत कॅथलिक पोराला मिळतं ते तुमच्या पोरीला मिळू शकतं. अकरावीला तर हे अजून कामाला येतं, 2025-26 पासून सगळ्या राज्यात अकरावी ऑनलाइन झालीय, अल्पसंख्याक कॉलेजात निम्म्या जागा त्याच समाजाच्या कोट्याला आणि 10 टक्के इनहाउस, म्हणजे आपल्याच शाळेतून दहावी झालेल्यांना.

माध्यम बदलायचं म्हणाल तर माझं मत थोडं वेगळं आहे. आठवीत मराठीतून एकदम पूर्ण इंग्रजीत उडी मारली की गणित-सायन्स सावरतं, इतिहास-भूगोल मारतो, पोरगी सहा महिने गप्प बसते आणि घरी वाटतं हुशार पोरगी बिघडली. सेमी इंग्लिशची एखादी चांगली तुकडी जवळ असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, पुढं सायन्सला तेवढं पुरतं. तरी कॉन्व्हेंटच पाहिजे असेल तर उन्हाळ्यात सातवीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं बालभारतीच्या साइटवरून उतरवून घ्या, फुकट असतात, आणि रोज एक पान मोठ्यानं वाचायला लावा, अर्थ नंतर.

पुढच्या आठवड्यात पोरीला आणि तिच्या वह्यांना घेऊन जा, तिची आई पण असू दे. आठवीत किती जागा होणार आणि वेटिंगला नाव कधी घेतात, हे दोनच प्रश्न ऑफिसात विचारा, उत्तर बहुतेक एप्रिलच्या निकालानंतर या असं येईल, मग एप्रिलच्या निकालानंतर जा, आणि पुन्हा एकदा जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आठवड्याभरानं जा, कारण बदलीवाल्यांचे दाखले तेव्हा निघतात. आणि नव्या शाळेची ॲडमिशन लेखी हातात पडल्याशिवाय जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढू नका, दरवर्षी एक-दोन पालक जूनच्या शेवटी माझ्याकडं येतात, दाखला खिशात आणि पोरगं घरी.