मेनिएर या आंतरकर्णाच्या आजारातील वारंवार येणारी चक्कर श्रवणशक्ती राखून थांबवता येते का?

होय, बहुतेक रुग्णांमध्ये ते शक्य असते. मात्र उपचारांचा क्रम महत्त्वाचा आहे. मीठ कमी करणे, लघवी वाढवणारी औषधे आणि चक्कर कमी करण्यासाठीचे बीटाहिस्टीन यांनी काही महिन्यांत फरक पडला नाही, तर कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, आणि त्याने ऐकण्याला सहसा धोका पोहोचत नसल्यामुळे पुढची पायरी म्हणून मला तेच योग्य वाटते. जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन चक्कर अधिक खात्रीने थांबवते, परंतु ते तोल सांभाळणाऱ्या पेशींबरोबर ऐकण्याच्या पेशींनाही इजा करू शकते. म्हणून बाधित कानाला अजून चांगले ऐकू येत असेल, तर त्यात ते कमी मात्रेत, पुरेसे अंतर ठेवून आणि दर वेळी ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करूनच द्यावे. तरीही झटके थांबले नाहीत आणि आजार एकाच कानात असेल, तर तोलाची नस तेवढी कापून ऐकण्याची नस राखणारी शस्त्रक्रिया करता येते. ती कवटी उघडून करावी लागते, पण अतिशय परिणामकारक आहे. आंतरकर्णाचा तोल सांभाळणारा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया मात्र त्या कानाचे ऐकणे कायमचे संपवते, त्यामुळे उपयुक्त श्रवण शिल्लक असताना तिला कृपया होकार देऊ नका. दुसऱ्या कानाची तपासणीही आधीच करून घ्या, कारण काही रुग्णांत पुढे तोही बाधित होतो.