केसतोडाचा त्रास वारंवार का होतो?

प्रश्न : माझे वय ३४ वर्षे आहे. गेले सात-आठ महिने दाढी केल्यानंतर दोन-तीन दिवसांत मानेवर आणि जबड्याखाली बारीक लाल पुळ्या उठतात, काहींच्या टोकाशी पू दिसतो. घरातले एक मलम लावले की चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. मागच्या महिन्यात मांडीवर मोठे, ठणकणारे केसतोडही झाले. माझे रक्त अशुद्ध झाले आहे का?

उत्तर : नाही, रक्ताच्या शुद्धाशुद्धतेशी याचा संबंध नाही, ही शंका आधी मनातून काढून टाका. त्वचेत केसाचे मूळ ज्या बारीक नळीत बसलेले असते, त्या केशकूपाला सूज आली की अशी पुळी उठते. पुळीच्या मधोमध केस दिसतो, ही तिची खूण. मात्र दिसायला सारख्या असणाऱ्या या पुळ्यांची कारणे निरनिराळी असतात, आणि एकच मलम सगळ्यांवर लावत राहिल्यामुळेच हा त्रास बहुधा रेंगाळतो.

तुमच्या मानेवरच्या पुळ्या दाढीशी जोडलेल्या दिसतात. केस कुरळा असेल आणि त्वचेच्या अगदी जवळून कापला गेला, तर त्याचे अणकुचीदार टोक वाढताना वळून पुन्हा त्वचेत शिरते. भिंगातून पाहिल्यास असा केस कातडीखाली कमानीसारखा वळलेला दिसतो. ही सूज जंतूंशिवायही येऊ शकते. तीन-चार आठवडे दाढी करणे थांबवा. नंतर केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने, त्वचा न ताणता, हलक्या हाताने वस्तरा फिरवा किंवा ट्रिमरने किंचित खुंट राखा.

मांडीवरचे केसतोड मात्र बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होते. दर दहा निरोगी माणसांपैकी सुमारे तिघांच्या नाकात हा जंतू निमूटपणे राहत असतो, आणि घट्ट कपड्यांचे घर्षण, घाम किंवा खाजवल्याने पडलेला ओरखडा मिळताच तो केशकूपात शिरतो. अशा गाठीला कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा, दहा-पंधरा मिनिटे शेक द्या. ती पिळू नका, कारण दाबलेला पू बाहेर येण्याऐवजी खोलवर पसरू शकतो. टॉवेल आणि वस्तरा कोणाबरोबरही वापरू नका. केसतोड पुन्हा पुन्हा होत असेल, तर रक्तातील साखर तपासून घेणे मला आवश्यक वाटते.

छातीवर आणि पाठीवर एकसारख्या, खूप खाजणाऱ्या बारीक पुळ्या उठतात, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा मॅलासेझिया नावाची बुरशी असते. प्रतिजैविकांनी ती कमी होत नाही, उलट वाढू शकते.

तुमच्या मलमाबद्दल मला खरी काळजी वाटते. चार दिवस आराम आणि मग पुन्हा तोच त्रास, हे स्टेरॉइड असलेल्या मलमाचे नेहमीचे लक्षण आहे. ते लाली दाबते, पण जंतू आणि बुरशी यांना मोकळे रान देते. ते आजच थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्या. ताप आला, लाली पसरू लागली, किंवा नाकावर अथवा वरच्या ओठावर गाठ आली, तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.