साखर नॉर्मल झाली, तरी मांड्या बारीक का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला लहानपणापासून टाइप १ मधुमेह होता. मूत्रपिंडे निकामी झाल्याने आठ महिन्यांपूर्वी त्याच्यावर मूत्रपिंड आणि स्वादुपिंड अशा दोन्हींचे प्रत्यारोपण झाले. आता इन्सुलिन घ्यावे लागत नाही, साखरही नॉर्मल असते. पण मांड्या आणि दंड बारीक झाले आहेत आणि जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. असे का होते? प्रोटीन पावडर सुरू करावी का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे. 1966 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात स्वादुपिंडाचे पहिले प्रत्यारोपण झाले, तेव्हापासून या शस्त्रक्रियेचे यश प्रामुख्याने साखरेवरून आणि बंद झालेल्या इंजेक्शनांवरून जोखले जाते. रुग्णाच्या स्नायूंची चौकशी मात्र पुरेशी होत नाही, असे मला वाटते.

स्नायूंमधील प्रथिने सतत तुटत असतात आणि सतत नव्याने बांधली जात असतात. इन्सुलिन मुख्यतः ही मोडतोड आवरते. बांधणीसाठी मात्र रक्तात अमिनो आम्लेही, म्हणजे प्रथिने ज्यांपासून बनतात ते घटकही, पुरेसे असावे लागतात. म्हणूनच इन्सुलिन उपलब्ध होण्यापूर्वी टाइप १ मधुमेहाची मुले हाडांचा सापळा होत असत. तुमच्या भावाच्या शरीरात आता इन्सुलिनची उणीव नसावी. मूळ स्वादुपिंडाचे इन्सुलिन आधी यकृतात जाते आणि तेथेच त्यातले जवळजवळ निम्मे खर्ची पडते. नव्या स्वादुपिंडाची नीला मात्र बहुतेक शस्त्रक्रियांत ओटीपोटातील मोठ्या नीलेला जोडलेली असल्याने ते इन्सुलिन थेट सर्व शरीरात पसरते आणि रक्तातील त्याची पातळी निरोगी माणसापेक्षा चढीच राहते.

तेव्हा कारण दुसरीकडे शोधावे लागेल. पहिला संशय स्टिरॉइडवर येतो. अवयव नाकारला जाऊ नये म्हणून दिले जाणारे प्रेडनिसोलोन स्नायूंची मोडतोड वाढवते आणि बांधणी मंदावते. त्याचा फटका नितंब, मांड्या आणि खांदे यांना सर्वाधिक बसतो, म्हणून बैठकीतून उठणे जड जाणे हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. शिवाय मूत्रपिंडे निकामी असतानाच्या काळात रक्तातील वाढलेल्या आम्लतेने आणि कमी खाण्याने बरेच स्नायू आधीच झिजलेले असतात, ते आपोआप भरून येत नाहीत. आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या कागदपत्रांत अवश्य पाहा : नव्या स्वादुपिंडाचा पाचकरस आतड्यात सोडला आहे की मूत्राशयात? पूर्वी रूढ असलेल्या दुसऱ्या पद्धतीत या रसातील बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल शमवणारे द्रव्य, लघवीवाटे वाहून जाते, रक्त आम्लधर्मी होते आणि ही आम्लताच स्नायूंतील प्रथिने तोडायला लावते. रक्तातील बायकार्बोनेटच्या साध्या तपासणीने हे कळते आणि त्यावर उपचारही आहे. फॉस्फेट आणि मॅग्नेशियमही तपासून घ्यावे, कारण प्रत्यारोपणानंतर ही द्रव्ये कमी होऊन अशक्तपणा येऊ शकतो. वेदनेसह एकाच मांडीची झीज होत असेल, तर मधुमेहाने मज्जातंतूंना झालेल्या इजेचाही विचार करावा लागेल.

स्टिरॉइडची मात्रा स्वतःहून कमी करू नका; दोन्ही अवयव गमावण्याचा धोका त्यात आहे. मात्रा उतरवता येईल का, हे प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. पावडरीची घाई नको. डाळ, दही, पूर्ण शिजवलेली अंडी यांतून प्रथिने दिवसभराच्या जेवणांत विभागून घ्यावीत. एकूण किती, हे मूत्रपिंडाचे काम पाहून आहारतज्ज्ञ ठरवतील. पोटावरील जखम पूर्ण भरल्याची खात्री करून, शल्यचिकित्सकांच्या परवानगीने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली खुर्चीवरून उठण्याबसण्यासारखे, स्नायूंवर भार देणारे व्यायाम सुरू करावेत, कारण नुसत्या आहाराने स्नायू बांधला जात नाही.

मूत्रपिंडाचे काम जोखण्यासाठी रक्तात मोजले जाणारे क्रिएटिनीन हे टाकाऊ द्रव्य मुख्यतः स्नायूंतूनच तयार होत असल्याने बारीक झालेल्या माणसात त्याचा आकडा फसवा चांगला दिसू शकतो. त्यामुळे मूत्रपिंडाच्या कार्याचा अंदाज सिस्टॅटिन-सी या तपासणीनेही घ्यावा का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा.